कपाटाचा निकष आणि वाचनाचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे. शाळेला शाळा म्हणून मान्यता हवी असेल तर किमान काय असावे, ते तिच्यात सांगितले आहे. शिक्षक किती, इमारत कशी, कामाचे दिवस किती, शिक्षकाचे आठवड्याचे तास किती, शैक्षणिक साधने कोणती. त्यानंतर सहाव्या क्रमांकावर ग्रंथालय आणि सातव्यावर खेळाचे साहित्य. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील, असा त्या कलमाचा आशय आहे. गोष्टीच्या पुस्तकांचा उल्लेख कायद्याने आवर्जून केला, ही लहान गोष्ट नव्हे. पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचन हा मुलाच्या हक्काचा भाग आहे, हे त्यामुळे कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

पण हेच कलम शेजारच्या कलमांबरोबर ठेवून वाचले की त्यातली उणीव दिसते. कामाच्या दिवसांना आकडा आहे: पहिली ते पाचवीसाठी २००, सहावी ते आठवीसाठी २२०. अध्यापनाच्या तासांनाही आहे: अनुक्रमे ८०० आणि १०००. शिक्षकांची संख्या पटावर ठरते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. ग्रंथालयाच्या कलमात मात्र आकडा नाही, वेळ नाही आणि माणूस नाही. उच्च प्राथमिक स्तरावर पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथपालाचा उल्लेखही नाही. ग्रंथालय असावे, पण ते कोणी उघडावे, केव्हा उघडावे आणि पुस्तक घरी कोणी न्यावे, याबद्दल अनुसूची गप्प आहे. वस्तू असणे म्हणजे सेवा असणे, हे तिने गृहीत धरले आहे.

हे गृहीतक जुने आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८पासून ‘खडू-फळा मोहीम’ राबवली गेली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच ही तिची कल्पना; त्या संचात मुलांसाठी पुस्तकेही होती. अनेक ठिकाणी ती पेटीत किंवा कपाटात कुलूपबंद राहिली. याचा दोष शिक्षकांच्या अनास्थेवर टाकणे सोपे आहे, पण खरे कारण नोंदवहीत आहे. शाळेत आलेले पुस्तक दाखल-नोंदवहीत चढते आणि त्या क्षणापासून ते शासकीय मालमत्ता होते. कार्यभार हस्तांतरित करताना नोंदवहीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळावा लागतो. फाटलेल्या पुस्तकाचे रीतसर निर्लेखन करायचे तर प्रस्ताव, मंजुरी, सह्या. पहिलीतल्या मुलाने हाताळलेले पुस्तक वर्षभरात खिळखिळे होणारच. किंबहुना तसे होणे ही ते वाचले गेल्याची खूण आहे. पण व्यवस्थेच्या लेखी ती तूट ठरते. जिथे कोरे पुस्तक निर्दोष आणि वापरलेले पुस्तक धोक्याचे, तिथे कुलूप लावणे हाच शहाणपणाचा निर्णय होतो.

पैशाची बाजूही पाहायला हवी. २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’त ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. मुलांच्या पुस्तकाची किंमत सरासरी शंभर रुपये धरली तर ५,००० रुपयांत पन्नास पुस्तके येतात. पाच वर्षांत अडीचशे. चाळीस मुलांच्या वस्तीशाळेला हा संग्रह थोडका नाही. याचा अर्थ पैसा पुरेसा आहे असा नव्हे. पैसा वाढवूनही सुटणार नाही असा एक प्रश्न शिल्लक राहतो, एवढाच. पुस्तकांची निवड कोणी करायची, हा तो प्रश्न. संच वरून ठरून आला की कोरकू, भिली किंवा मालवणी बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला आणि पुण्यातल्या मुलाला एकच पुस्तक मिळते. शिवाय ‘बालभारती’ १९७१पासून ‘किशोर’ हे मुलांचे मासिक काढते. कायद्याला शाळेत मासिके हवी आहेत, आणि शासनाचीच संस्था ते छापते. या दोन गोष्टींची गाठ प्रत्येक शाळेत आपोआप पडायला हवी होती.

आता दुसऱ्या प्रकारच्या निकषांकडे वळू. ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यावे, हे उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. त्यातले वाचनाचे लक्ष्य मिनिटाला शब्द या मापात आहे: दुसरीत ४५ ते ६०, तिसरीत किमान ६०. या मापाची सरसकट टिंगल करणे योग्य नाही. अक्षराला अक्षर जोडत अडखळणाऱ्या मुलाची सगळी शक्ती उच्चारावरच खर्च होते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. वाचनाला ओघ आल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे खरेच आहे. निपुणच्या दस्तऐवजात अर्थ समजून वाचण्याची अपेक्षाही आहे आणि वाचनकोपऱ्यांचा पुरस्कारही.

अडचण मापात नाही, मापाच्या प्रवासात आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. समज मोजायला मुलाशी बोलावे लागते. धोरणातले वाक्य केंद्राकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून केंद्रप्रमुखाकडे आणि तिथून वर्गात येईपर्यंत त्यातला मोजायला सोपा भाग टिकतो आणि अवघड भाग गळतो. मग चाचणीच्या उताऱ्याचा सराव सुरू होतो. तोच उतारा दहादा वाचलेले मूल साठ शब्दांची रेषा ओलांडते. नवे पुस्तक हाती दिले की पुन्हा अडखळते. ओघ येतो तो पुष्कळ आणि वेगवेगळे, आवडीने वाचल्याने. म्हणजे ज्या लक्ष्यासाठी ग्रंथालयाचा तास सरावाला दिला जातो, ते लक्ष्य गाठण्याचा खात्रीचा मार्ग त्याच तासातून जात होता.

हे निव्वळ मत नाही. शासनाच्या स्वतःच्या कागदांतूनच ते निघते. २०१७मध्ये शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन अध्ययन निष्पत्तींना स्थान मिळाले. भाषेच्या निष्पत्तींमध्ये गोष्टी, कविता, वर्तमानपत्रे, बालसाहित्य असे विविध साहित्य वाचून त्यावर आपले मत मांडणे अपेक्षित आहे. एकाच पाठ्यपुस्तकावर ही निष्पत्ती सिद्ध करता येणार नाही. मत तुलनेतून होते, आणि तुलनेला दुसरे पुस्तक लागते. म्हणून ग्रंथालय हा निकषांच्या जोडीला चालणारा उपक्रम नसून निकष पूर्ण करण्याचे साधन आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन साजरा करून, छायाचित्रे पाठवून ही जागा भरून निघत नाही.

या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीचा बडोद्याचा अनुभव अधिक बोलका आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडल्यावर वाचायला काही नसेल तर आलेली अक्षरे विसरतात, हे ओळखून १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे खाते उभारले. लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये हा त्याचाच भाग. पेटी इथेही होती. फरक असा की ती फिरण्यासाठी होती आणि ती फिरते की नाही हे पाहणारे खाते होते. स्वतंत्र भारतातही १९५२-५३च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळेत प्रशिक्षित ग्रंथपालाची गरज सांगितली. आजही प्राथमिक शाळेत ते पद नाही.

मग निकष कसा असावा? किती पुस्तके घरी गेली याचा आकडा मागितला तर तोही उद्या कागदोपत्री फुगेल. म्हणून नव्या रकान्यापेक्षा काही परवानग्या आणि एक बंधन अधिक उपयोगी ठरेल. दरवर्षी संग्रहाचा काही हिस्सा वापराने फाटला किंवा हरवला तर मुख्याध्यापकाच्या सहीने निर्लेखन व्हावे, वसुली नसावी. अनुदानातली काही रक्कम शिक्षक आणि मुलांनी निवडलेल्या पुस्तकांसाठी राखावी. द्विशिक्षकी शाळांच्या केंद्राला मिळून एक ग्रंथपाल द्यावा आणि पेट्या शाळाशाळांत फिरवाव्यात. बंधन एकच: वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असावा आणि तो दुसऱ्या कामाला देता येऊ नये. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्या तासाला बसावे, नोंदवही बाजूला ठेवावी आणि एखाद्या मुलाला विचारावे, काय वाचतोस, त्यात तुला काय आवडले नाही? त्या उत्तरातून मिनिटाला किती शब्द हेही कळेल, आणि ते शब्द कशासाठी होते हेही.