जिना राहिला, पुस्तके गेली

सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या १९१७ च्या इमारतीत २००३ पासून आशियाई कलासंग्रहालय आहे. वास्तुरचनाकार गे आउलेंती यांनी दर्शनी भाग आणि भव्य जिना राखला, मधल्या चौकावर काचेचे छत घालून उजेड आत आणला. इराणी कलेला तिथे जागा आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण जिन्याभोवतीची पियाझोनींची चित्रे त्यांच्या जागेवरून गेली. आणि जिथे कुणीही मोफत बसून वाचत असे, तिथे आता बहुतेक दिवशी तिकीट लागते. ग्रंथालयाला शेजारीच १९९६ साली नवी इमारत मिळाली, म्हणून हे खपून गेले. आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या वाचनालयाला उद्या कुणी ‘वारसा’ म्हणू लागले, तर आम्ही आधी एवढेच विचारू: वाचणाऱ्यांनी बसायचे कुठे?