साठ म्हणजे नेमके किती?

साठ हा आकडा मोठा सोयीचा आहे. मिनिटाचे सेकंद साठ, तासाची मिनिटे साठ; आणि संगणकाचा साधा मॉनिटर घेतला, तर त्याचा पडदाही सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटला जातो. या दराला रिफ्रेश रेट म्हणतात. सोयीच्या आकड्यांत मात्र एक दोष असतो. ते मोजलेले नसले तरी मोजल्यासारखे वाटतात. नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचे संगणकावर जे पुनरुज्जीवन चालले आहे, त्यात हा दोष कसा शिरतो आणि तो कितपत क्षम्य मानावा, याचा येथे विचार करू.

हे पुनरुज्जीवन करणाऱ्या प्रणालीला एम्युलेटर म्हणतात. मूळ यंत्रातील प्रत्येक चिप जे काम करत असे, तेच काम संगणकाकडून करवून घ्यायचे, म्हणजे मूळ खेळाची आज्ञावली एक अक्षरही न बदलता चालते. अशा प्रणालींत सर्वांत प्रसिद्ध आहे ती ‘मेम’. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अनेक स्वयंसेवकांनी ती वाढवली आणि २०१६ पासून ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. केवळ खेळण्याची सोय करणे हा तिचा हेतू नाही. जुन्या यंत्रांची रचना कायमची नोंदवून ठेवावी, हा आहे. काम मोलाचे आहे, म्हणूनच त्याला लावायची कसोटीही कडक हवी.

प्रथम मूळ यंत्राकडे वळू. ‘पॅक-मॅन’ (१९८०) या यंत्रात स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ होते. चित्राचे ठिपके काढण्यासाठी त्यापासून सेकंदाला ६१,४४,००० ठोके मिळत. एक आडवी रेघ पुरी होण्यास ३८४ ठोके लागत आणि एका चौकटीत २६४ रेघा असत. (किरण परत जागेवर नेण्याचा, पडद्यावर न दिसणारा वेळ यात धरलेला आहे.) ३८४ गुणिले २६४ म्हणजे १,०१,३७६. या संख्येने ६१,४४,००० ला भागले की उत्तर येते ६०.६०६. म्हणजे पॅक-मॅनच्या चौकटी सेकंदाला साठ नव्हत, तर साठ आणि वर सहा दशांशांहून थोड्या अधिक होत्या.

याच रीतीने इतर यंत्रांचे दर काढता येतात. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) चा दर ५९.५४, ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) चा ५९.६४, ‘आर-टाइप’ (१९८७) चा ५५.०२ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९२) चा अवघा ५४.७१. इतकी तफावत का? दूरचित्रवाणी संचाला प्रक्षेपण केंद्राशी जुळवून घ्यावे लागते. या यंत्रांच्या पेटीत त्यांची स्वतःची चित्रनलिका होती. नलिकेला पेलेल असा कोणताही दर चालत होता, आणि अभियंत्यांनी हाताशी असलेल्या स्फटिकाप्रमाणे व गरजेप्रमाणे तो ठरवला.

हा दर केवळ चित्राचा नाही, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. बहुतेक खेळांत चौकट हेच वेळेचे माप असते. स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, असे ५५ आक्रमक असतात आणि एका चौकटीत एकच आक्रमक हलवला जातो. सर्वांना एकेक पाऊल टाकायला ५५ चौकटी, म्हणजे सुमारे ०.९२ सेकंद लागतो. निम्मे मारले गेले की हा वेळ निम्मा होतो. शेवटचा उरलेला आक्रमक प्रत्येक चौकटीत हलतो, आणि म्हणूनच तो एवढा वेगाने धावतो. चौकटींचा दर बदलला, तर खेळाची नाडीच बदलते.

आता ५५.०२ चौकटींचा आर-टाइप ६० हर्ट्झच्या पडद्यावर दाखवायचा आहे. मार्ग तीन. पहिला, पडद्याची वाट न पाहता चित्र तयार होईल तसे पाठवावे. मग वरचा भाग एका चौकटीचा आणि खालचा दुसऱ्या चौकटीचा, असे चित्र मध्येच फाटते. दुसरा, पडद्याची वाट पाहावी, पण खेळाची गती मूळचीच ठेवावी. तसे केले तर सेकंदाला सुमारे पाच चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात. आर-टाइपची पार्श्वभूमी एकसारखी मागे सरकत असते, डोळा तिच्याबरोबर सरकतो, आणि दर अकराव्या चौकटीला त्याला ठेच लागते. पॅक-मॅनच्या बाबतीत उलट घडते. तेथे दर १.६५ सेकंदाला एक चौकट गाळावी लागते. थोडा फरक असलेले दोन नादकाटे एकदम वाजवले की आवाज ठरावीक अंतराने चढतो-उतरतो. हिशेब तोच आहे.

तिसरा मार्ग म्हणजे खेळालाच पडद्याच्या दराने चालवणे. मेममध्ये तशी सोय आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप तिच्या सरसकट वापरावर आहे. चित्र अगदी सलग दिसते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. परंतु आर-टाइप यामुळे नऊ टक्के वेगाने धावतो. मूळ यंत्रावर एका मिनिटात घडणारे सारे ५५ सेकंदांत उरकते. आवाजाची सांगड मूळ दराशीच ठेवण्याचा प्रयत्न होत असल्याने आवाजही बिघडू शकतो. ज्यांनी आपल्या पडद्याचा दर काळजीपूर्वक खेळाशी जुळवून घेतला आहे, त्यांच्यासाठी ही सोय आहे, असे मेमच्या माहितीपत्रकात म्हटलेले आहे. ही अट गळून पडते आणि सोय तेवढी उरते. मूकपट सेकंदाला सुमारे सोळा चौकटींनी टिपलेला आणि चोवीस चौकटींनी दाखवलेला असला, की त्यातील माणसे तुरुतुरु धावतात. पाहणारा समजतो की जुने चित्रपट असेच असत. दोष यंत्राचा असून ठपका मात्र मूळ कृतीवर येतो. येथेही तसेच होते. आणि ज्याने मूळ यंत्र कधी पाहिलेच नाही, त्याला चूक कळण्याचा मार्गच उरत नाही. अडखळणारे चित्र आपली उणीव उघड दाखवते. सलग पण चुकीच्या गतीचे चित्र ती झाकते.

म्हणून सर्व खेळांना एकच नियम लावू नये. पॅक-मॅन ६० हर्ट्झवर चालवला, तर तो एकच टक्का मंदावतो; १०० सेकंदांचा खेळ १०१ सेकंदांत होतो. केवळ पाहण्यासाठी एवढी सवलत आम्ही देऊ, पण गुणांची स्पर्धा असेल तर देणार नाही. नऊ-दहा टक्क्यांचा फरक मात्र कोणत्याही कारणाने मान्य करता येणार नाही.

खरा उपाय म्हणजे पडद्यालाच खेळाची वाट पाहायला लावणे. ‘एनव्हिडिया’ने २०१३ मध्ये जी-सिंक हे तंत्र जाहीर केले, आणि ‘व्हेसा’ या संस्थेने २०१४ मध्ये याच स्वरूपाची सोय आपल्या प्रमाणात समाविष्ट केली. अशा पडद्यावर चौकट तयार झाली की तेव्हाच ती रेखाटली जाते. मग मॉर्टल कॉम्बॅटची चौकट १८.२८ मिलिसेकंद टिकते, ना कमी ना जास्त. मात्र पडद्याची वरची मर्यादा ६० असेल, तर पॅक-मॅन तिच्याबाहेर पडतो, हे विकत घेताना पाहावे. असा पडदा नसेल, तर साधा १४४ हर्ट्झचा पडदाही बरा. तेथे ठेच १६.७ ऐवजी ६.९ मिलिसेकंदांची लागते.

आमचा दुसरा आक्षेप नोंदींवर आहे. मेममधील कित्येक यंत्रांचे दर प्रत्यक्ष मोजलेले किंवा वरीलप्रमाणे काढलेले आहेत. पण काही ठिकाणी नुसतेच ६० लिहिलेले आढळते. ते अचूक नाही, अशी टीप लिहिणारे स्वयंसेवक प्रामाणिक आहेत. जेथे टीप नाही, तेथे हा आकडा मोजमाप आहे की सवय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. प्रयोगवहीत न मोजलेला आकडा मोजल्यासारखा लिहू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. जतनाच्या कामाला तोच नियम लागू आहे.

एवढे सांगूनही मेमविषयी आमचा आदर कमी होत नाही. पॅक-मॅनचे ६०.६०६ कोणीतरी नोंदवून ठेवले, म्हणूनच पडद्याची चूक आज दाखवता येते. शिक्षकांनी वरचे भागाकार फळ्यावर जरूर करून घ्यावेत. सातवी-आठवीच्या गणितापलीकडे त्यांत काही नाही, आणि गोळाबेरीज केलेला आकडा काय लपवतो, हे मुलांना त्यातून दिसेल.