भूतकाळी रूपे आणि यंत्राचे शिक्षण

इंग्रजी शिकणारे मूल प्रथम 'वेन्ट' हे रूप बिनचूक वापरते, पुढे मधूनमधून 'गोएड' म्हणू लागते आणि कालांतराने पुन्हा 'वेन्ट'वर स्थिर होते. मुलाला नियम गवसला व तो त्याने अपवादालाही लावला, असा याचा उलगडा केला जात असे. रूमेलहार्ट आणि मक्‌क्लेलँड यांनी १९८६ साली 'पॅरलल डिस्ट्रिब्यूटेड प्रोसेसिंग' या ग्रंथातील एका प्रकरणात या उलगड्यालाच आव्हान दिले. चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेली त्यांची गणनात्मक प्रतिकृती अगदी साधी होती: ४६० आदान-घटक, तितकेच प्रदान-घटक आणि त्यांना परस्परांशी जोडणारे दुवे. उत्तर चुकले की दुव्यांचे बल थोडे बदलावयाचे, एवढेच तिचे शिक्षण. नियम असा तिच्यात कोठेही लिहिलेला नव्हता. तरीही मुलासारखीच चूक तिने केली.

हा निष्कर्ष मोहक आहे, पण तो कोणत्या सामग्रीतून निघाला हे पाहिल्यावाचून स्वीकारता येत नाही. आरंभी यंत्रापुढे दहाच धातू ठेवले होते, त्यांतले आठ अनियमित. नंतर एकाएकी ४१० धातूंची भर पडली. त्यांतले ३३४ नियमित. यंत्राची घसरण नेमकी या सांध्यावर होते. मुलाच्या कानी पडणाऱ्या भाषेत असा सांधा कोठे आहे? पिंकर आणि प्रिन्स यांनी १९८८ साली नेमके हेच विचारले. मुलांच्या भाषणाच्या नोंदींत त्या वयात नियमित धातूंचे प्रमाण असे उसळलेले दिसत नाही. म्हणजे जी वक्ररेषा मेंदूच्या घडणीतून उमटली असे वाटले, ती बव्हंशी धातूंच्या यादीतून उमटली होती. शिवाय 'मेल' या धातूचे रूप यंत्राने 'मेम्बल्ड' असे दिले. अशी चूक कोणते मूल करील?

तथापि यंत्र हरले म्हणून मनातील नियम सिद्ध झाला, असे या टीकाकारांच्या बाजूने मानले जाते, तेही मला पटत नाही. एका साक्षीदाराची साक्ष फुटल्याने दुसऱ्याची खरी ठरत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला आणखी एक उणीव जाणवते. हे यंत्र धातूचा केवळ ध्वनी घेते व एक भूतकाळी रूप देते. आपल्याकडे आंबा 'खाल्ला' जातो, पोळी 'खाल्ली' जाते; 'तो म्हणाला' पण 'त्याने म्हटले'. एकाच धातूची ही दोन अंगे वाक्यरचनेवर अवलंबून आहेत. नुसता ध्वनी हाती असलेल्या यंत्राला येथे प्रश्नच अपुरा मिळेल.

२०१८ साली किरोव्ह व कॉटरेल यांनी नव्या पद्धतीच्या जाळ्यांनी हा वाद पुन्हा उघडला. जुनी बरीच वैगुण्ये त्यांत नाहीत. परंतु २०१९ मध्ये कॉर्करी, मातुसेविच आणि गोल्डवॉटर यांनी तेच जाळे निरनिराळ्या यादृच्छिक आरंभमूल्यांनी पुनःपुन्हा शिकवून पाहिले. कल्पित धातूंची रूपे माणसे जशी बनवितात, त्यांच्याशी यंत्राच्या उत्तरांचा मेळ दर खेपेस कमीअधिक आढळला. अशा वेळी कोणत्या खेपेला मेंदूची प्रतिकृती म्हणावयाचे, याचे उत्तर खेप निवडणाऱ्या संशोधकाकडेच मागावे लागते.