आधी धक्का, मग करुणा

वडशाकडची झाडीपट्टी नाटके रात्रभर बसून पाहणाऱ्या आईला ‘स्टार वॉर्स’ ही अवकाश-साहसमालिका दाखवायची, तर सुरुवात कोठून करावी? कथाक्रमाने १९९९चा चित्रपट पहिला, प्रदर्शनक्रमाने १९७७चा. माझा कौल १९७७ला आहे. कर्णाचे जन्मरहस्य महाभारताच्या श्रोत्याला आधीच ठाऊक असते; त्याची ओढ ‘कर्णाला केव्हा कळेल’ याची. १९९९पासून पाहणारा असाच जाणता श्रोता होतो. १९८०च्या चित्रपटाची रचना मात्र वेगळी आहे : ल्यूकचा बाप कोण, हे प्रेक्षकाला ल्यूकबरोबरच कळते. खलनायकात बाप दिसण्याचा धक्का एकदाच बसतो. त्या बापाच्या अधःपाताची करुणा मागाहूनही, पुन्हा पुन्हा अनुभवता येते. आईचा तो एकमेव धक्का आपण हिरावू नये.