न्यू शेपर्ड : उंची गाठली, कक्षा नव्हे

२० जुलै २०२१ रोजी ब्लू ओरिजिन या खाजगी कंपनीच्या ‘न्यू शेपर्ड’ यानातून जेफ बेझोस व अन्य तिघे सुमारे १०७ किलोमीटर उंचीवर जाऊन दहा मिनिटांत परतले. अग्निबाणही सुखरूप उतरला. तंत्रज्ञान कौतुकास्पदच आहे. आक्षेप आहे तो ‘गुरुत्वाकर्षणाच्या पलीकडची सफर’ या समजुतीला.

त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम ३ टक्क्यांनी कमी असते. मग प्रवासी तरंगले कसे? इंजिन बंद झाल्यावर यान आणि प्रवासी या दोहोंवर केवळ गुरुत्वाकर्षणच कार्य करत होते व दोहोंचे त्वरण सारखेच होते, म्हणून. वर फेकलेल्या चेंडूत मुंगी असती, तर हवेचा विरोध सोडल्यास तीही अशीच तरंगली असती.

पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर आडवा वेग लागतो. या यानाचा कमाल वेग होता सुमारे १ किलोमीटर. कक्षेत जाण्यास दर किलोग्रॅममागे ऊर्जा सुमारे तीसपट लागते. नाव मात्र प्रामाणिक आहे : १९६१ साली अ‍ॅलन शेपर्डही पृथ्वीप्रदक्षिणा न करताच परतले होते.

वर्गात ही सफर जरूर सांगावी. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नव्हते’ हे वाक्य तेवढे गाळावे.