मागची चाळ धूसर का?

गणेशोत्सवात लालबाग-परळमधले फ्लेक्स बघा. पुढे हात जोडलेला ‘शुभेच्छुक’ एकदम रेखीव. मागे चाळ, मंडप, गर्दी यांचा एकच लगदा. हा गॉसियन ब्लर. तो प्रत्येक पिक्सेलची शेजारच्या पिक्सेलांशी सरासरी काढतो. अंतर त्याला कळत नाही. २० फुटांवरची माणसं आणि २०० फुटांवरची गिरणीची चिमणी तो सारखीच पुसतो. खऱ्या लेन्समध्ये धूसरपणा अंतराप्रमाणे बदलतो.

आणि खांद्याभोवतीची ती भुताटकी कडा? माणूस फोटोत असतानाच मागचं ब्लर केलं की त्याच्या शर्टाचा रंग बाहेर झिरपतो. आधी माणूस वेगळ्या लेयरवर घ्यायचा, मागची रिकामी जागा भरायची, अंतराप्रमाणे मास्क लावून ब्लर करायचा, मग माणूस परत ठेवायचा.

इथून जवळच, दादरला, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चित्रित केला. एकाच फिल्मवर दोनदा एक्सपोजर देऊन ते चमत्कार दाखवत. दोन्ही प्रतिमा कॅमेऱ्याच्या लेन्समधूनच आलेल्या, म्हणून एकाच जगातल्या वाटतात.

फ्लेक्सवर ते जगच तुटतं. कोणाकडे बघायचं, हे ब्लर ठरवतो. ज्या चाळींच्या वर्गणीवर हे उत्सव वाढले, त्या मागे विरघळतात आणि वर्गणी मागणारा तेवढा ठळक उरतो. डिझायनर मित्रांनो, स्लायडर थोडा मागे घ्या. गॅलरीतली माणसं ओळखू येऊ देत.