‘ला विदा लोका’: वस्तीच्या आतून, पण कुणाच्या बाजूने?

क्रिस्तियान पोवेदाच्या ‘ला विदा लोका’ (2008) या माहितीपटाविषयीचं बहुतेक लेखन त्याच्या खुनापासून सुरू होतं. 2 सप्टेंबर 2009 रोजी एल साल्वादोरमधल्या तोनाकातेपेके इथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. 2011मध्ये शिक्षा झालेल्यांत टोळीवाल्यांबरोबर एक पोलीसही होता. या मरणाने चित्रपटाला वलय मिळालं, त्याची चिकित्सा मात्र राहून गेली.

पोवेदा सुमारे सोळा महिने ला काम्पानेरा या गरीब वस्तीत ‘18’ टोळीतल्या तरुणांबरोबर वावरला. निवेदन नाही, तज्ज्ञांचे सल्ले नाहीत. गोळीचा आवाज, प्रेत, शवपेटी, आक्रोश हे आवर्तन पुन्हा पुन्हा येतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपण दचकेनासे होतो आणि मग स्वतःचीच भीती वाटते. गोळीने डोळा गमावलेली एक तरुण आई इस्पितळाच्या खेपा घालत असते. हा भाग इतका संथ, इतका घरगुती आहे की ती टोळीतली आहे याचा विसर पडतो. पुढे तिचाही खून होतो. हैतीवरच्या ‘घोस्ट्स ऑफ सिते सोले’मध्ये (2006) टोळीप्रमुख संगीताच्या ठेक्यावर जवळजवळ नायक होऊन बसतात, पोवेदाने तो मोह टाळला आहे.

1980-92च्या यादवीत लॉस एंजेलिसला पळालेली कुटुंबं, तिथे टोळ्यांत शिरलेली त्यांची मुलं आणि नंतर अमेरिकेने त्यांना परत धाडणं, हा इतिहास चित्रपट उलगडून सांगत नाही. ते मी समजू शकतो; माहिती पुस्तकातही मिळते. खटकतं ते वेगळंच. टोळीला हप्ता देणारा दुकानदार, बसचालक, त्याच गल्लीत जीव मुठीत धरून राहणारी माणसं इथे जवळपास नाहीतच. टोळीने आत घेतलं म्हणून कॅमेरा आत गेला, आणि टोळीने दाखवलं तेवढंच त्याला दिसलं. टोळीच्या दुःखाला चेहरा मिळाला. तिच्यामुळे दुःख भोगणाऱ्यांना तो मिळाला नाही.

आणि तो चेहराही कसला, तर कपाळापासून हनुवटीपर्यंत ‘18’ गोंदवलेला, कुठेही चटकन ओळखू येणारा. युरोपातल्या महोत्सवात त्याचं छायाचित्र होतं. सान साल्वादोरच्या रस्त्यांवर चित्रपटाच्या चोरट्या प्रती विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा तोच चेहरा पोलिसांच्या आणि विरोधी टोळीच्याही हाती पडला.